विषाणूच्या अंगावर अँटिबॉडी नेमकी कुठे चिकटते? डॉ. अशोक कोळस्कर यांचं संशोधन समजून घ्या आणि मोबाइलवर करूनही बघा

ॲप, सेटिंग, रिचार्ज हे विषय आपण नेहमीच बघतो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण मोबाइल हातात लागणारच आहे. आणि सुरुवात माझ्या एका चुकीपासून करावी लागेल.

मी परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीचा. २०२२ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर जनावरांमध्ये लम्पी पसरला, तेव्हा गावागावात गोट पॉक्सची लस टोचली जात होती. गोट पॉक्स म्हणजे शेळ्यांची देवी. त्याच दिवसांत मला एक मेसेज आला : "शेळीची लस गाई-बैलांना टोचतायत, सावध राहा." मी वाचला आणि काही विचार न करता घरच्या ग्रुपवर ढकलला. आमच्या तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, तो वाचून लस आठ दिवस पुढे ढकलली. नंतर टोचून घेतली, पण तोवर जोडीतल्या एका बैलाच्या अंगावर गाठी उठल्या होत्या. बैल वाचला. रब्बीच्या पेरणीला मात्र उभा राहू शकला नाही, ट्रॅक्टर भाड्याने आणावा लागला.

लस टोचल्यावर अंगात संरक्षण तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे त्या आठ दिवसांनीच सगळं बिघडलं असं म्हणता येत नाही. तात्यांनीही मला कधी तसं बोलून दाखवलं नाही. त्यांनी एकच विचारलं, "शेळीची लस बैलाला कामून चालतीय, हे तरी बघून टाकायचं होतं की रे मेसेज टाकायच्या आधी." मला उत्तर देता आलं नाही. ते शोधता शोधता मी पुणे विद्यापीठातल्या एका शास्त्रज्ञाच्या कामापर्यंत पोचलो. हा लेख त्या कामाविषयी आहे.

आधी प्रोटीन समजून घेऊ

प्रोटीन, म्हणजे प्रथिन, ही अमिनो आम्लांची लांब माळ असते. अमिनो आम्लं २० प्रकारची. प्रत्येकाला इंग्रजीतलं एक अक्षर दिलेलं आहे, त्यामुळे कुठलंही प्रोटीन अक्षरांच्या ओळीसारखं लिहिता येतं. ही ओळ मोबाइलवर कॉपी-पेस्टही होते. पुढे ते लागणार आहे.

पण शरीरात ही माळ सरळ ताणलेली नसते, ती घडी पडून गोळा होते. खिशातून इअरफोन काढल्यावर वायरचा जसा गुंता झालेला असतो, तसं समजा. फरक एवढाच की वायरचा गुंता दर वेळी वेगळा होतो आणि एका प्रोटीनची घडी साधारण दर वेळी तशीच पडते. आता त्या वायरवर एका टोकाजवळ एक ठिपका द्या आणि पार दुसऱ्या टोकाजवळ दुसरा. सरळ ताणली तर दोन्ही ठिपके एकमेकांपासून लांब. गुंता झाला की कदाचित अगदी शेजारी-शेजारी येतील. ही गोष्ट डोक्यात ठेवा, सगळा लेख तिच्यावर उभा आहे.

विषाणूच्या बाहेरच्या कवचावर अशीच घडी पडलेली प्रोटीनं असतात. आपलं शरीर विषाणूला ओळखायला प्रतिपिंडं तयार करतं, त्यालाच आपण अँटिबॉडी म्हणतो. अँटिबॉडी सगळ्या प्रोटीनला मिठी मारत नाही. पृष्ठभागावरच्या एका छोट्या जागेला ती चिकटते आणि त्या जागेचं नाव एपिटोप. लस बनवणाऱ्याला आणि तपासणीचं किट बनवणाऱ्याला हीच जागा माहीत करून घ्यायची असते. प्रयोगशाळेत ती शोधायला महिने लागतात आणि पैसाही लागतो. नुसती अक्षरांची ओळ बघून अंदाज बांधता आला तर?

बंगळुरूपासून पुण्यापर्यंत

हा अंदाज बांधण्याची एक पद्धत डॉ. अशोक कोळस्कर यांनी दिली. पुढे २००१ ते २००६ ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुष्कळांना ते तेवढ्यासाठीच माहीत आहेत. मला त्यांचं आधीचं काम जास्त मोठं वाटतं.

त्यांची सुरुवात झाली जी. एन. रामचंद्रन यांच्याबरोबर. रामचंद्रन हे नाव जगभरातल्या जीवरसायनशास्त्राच्या पुस्तकांत असतं. १९६३ मध्ये मद्रासला त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रोटीनची माळ वाटेल तशी वळू शकत नाही. समजा तुम्ही पुष्कळ आधार कार्डं कोपऱ्याला कोपरा बांधून माळ केली. प्रत्येक कार्ड कडक आणि सपाट, वळण फक्त सांध्यावर. एका सांध्यावर दोन कोन फिरवता येतात, त्यांना फाय आणि साय म्हणतात. काही कोनांवर दोन कार्डं एकमेकांवर आपटतात, म्हणून ते कोन बाद. जे उरतात त्यांचा नकाशा म्हणजे रामचंद्रन प्लॉट. आजही कुणी प्रोटीनची नवी रचना जाहीर केली, की ती या नकाशावर ठेवून तपासतात.

रामचंद्रन १९७१ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि तिथे रेण्वीय जीवभौतिकीचा विभाग उभा राहिला. १९७३ मध्ये रामचंद्रन, लक्ष्मीनारायणन आणि कोळस्कर यांचा एक शोधनिबंध आला. मुद्दा असा की ते 'कार्ड' पूर्ण सपाट असायलाच हवं असं नाही, ते किंचित पिळलेलं असू शकतं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण शेकडो सांध्यांच्या माळेत प्रत्येक ठिकाणी थोडा पीळ पडला तर शेवटची घडी कुठल्या कुठे जाते. विशेष म्हणजे हे सगळं गणित आत्ताच्या साध्या फोनपेक्षा कितीतरी कमी ताकदीच्या कॉम्प्युटरवर झालं.

१९८० च्या दशकात कोळस्कर हैदराबाद विद्यापीठात होते आणि तिथेही अमिनो आम्लांच्या जोड्या कशा वळतात यावर त्यांचं काम चालू होतं. मग पुणे. पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने बायोइन्फर्मेटिक्सचं केंद्र सुरू झालं आणि कोळस्कर त्याचे संचालक झाले. १९८७ साल जरा डोळ्यासमोर आणा. इंटरनेट सामान्य माणसाला माहीतही नव्हतं, आणि इथे जीवशास्त्राचा डेटा कॉम्प्युटरवर वाचायचं केंद्र निघत होतं.

जागा पुणे असण्याचाही फायदा होता. १९५२ पासून पुण्यात विषाणूंवर संशोधन करणारी मोठी संस्था आहे, आज तिला आपण एन.आय.व्ही. म्हणून ओळखतो. कोविडमध्ये हे नाव रोज टीव्हीवर यायचं. अशा शहरात प्रोटीनच्या घड्यांचा जाणकार माणूस विषाणूंकडे वळला, याचं मला तरी नवल वाटत नाही.

१९९०ची पद्धत : सात-सातची सरासरी

१९९० मध्ये कोळस्कर आणि प्रसाद टोणगावकर यांचा एक छोटासा शोधनिबंध 'फेब्स लेटर्स' या नियतकालिकात आला. पानं तीन. पण आजही जगभरातले विद्यार्थी ही पद्धत वापरतात आणि ती 'कोळस्कर-टोणगावकर' याच नावाने ओळखली जाते. परदेशी सॉफ्टवेअरच्या मेनूत हे नाव पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी स्क्रीनशॉट काढून ठेवला होता, खोटं कशाला बोलू.

त्यांनी केलं काय? प्रयोगांनी सिद्ध झालेले एपिटोप गोळा केले आणि कुठलं अमिनो आम्ल त्यात किती वेळा येतं ते मोजलं. पृष्ठभागावर असण्याची शक्यताही धरली. त्यावरून प्रत्येक अमिनो आम्लाला एक आकडा दिला. १ च्या वर म्हणजे एपिटोपमध्ये सापडण्याची शक्यता जास्त, खाली म्हणजे कमी. सिस्टिनला १.४१२, व्हॅलिनला १.३८३, ल्युसिनला १.२५०. तळाशी ॲस्पॅराजिन, ०.७७६.

आता माळेतले ओळीने सात घ्या. उदाहरण म्हणून मी मनानेच एक तुकडा बनवतो : ल्युसिन, व्हॅलिन, ॲस्पॅराजिन, ल्युसिन, सिस्टिन, ॲस्पॅराजिन, व्हॅलिन. आकड्यांची बेरीज ८.२३०. भागिले सात, साधारण १.१८. हा आकडा मधल्याला, म्हणजे चौथ्याला द्यायचा. मग एक घर पुढे सरकायचं आणि पुन्हा सात. असं शेवटपर्यंत. क्रिकेटमध्ये शेवटच्या सात सामन्यांची सरासरी काढतात ना, तसंच. जिथे आलेख उंच जातो तिथे एपिटोप असण्याचा संभव.

बस, इतकंच. वहीवर करता येईल असं गणित! अचूकता साधारण ७५ टक्के असं त्या निबंधात लिहिलं होतं.

पण एक गोम आहे आणि ती त्या निबंधातच आहे. सिस्टिन, ल्युसिन, व्हॅलिन ही पाण्यापासून लांब राहणारी अमिनो आम्लं. घडी पडताना ती बहुतेक वेळा आत दडून बसतात. म्हणून लेखकांनी अट घातली आहे : ही पृष्ठभागावर असतील, तर त्यांची एपिटोपमध्ये असण्याची शक्यता जास्त. म्हणजे ती बाहेर आहेत की आत, हे कळायला हवं. आणि ते नुसत्या ओळीवरून पक्कं कळत नाही, घडी बघावी लागते.

जपानी मेंदूज्वर आणि मापाचा शर्ट

पुढची पायरी म्हणून घडी बघणंच आलं. १९९९ मध्ये कोळस्कर आणि डॉ. उर्मिला कुलकर्णी-काळे यांनी 'व्हायरॉलॉजी' या नियतकालिकात जपानी मेंदूज्वराच्या विषाणूवरचं काम छापलं. नाव जपानी असलं तरी हा आजार आपल्याकडचाच. भाताच्या खाचरात वाढणारे क्युलेक्स डास तो पसरवतात. विषाणू वाढतो डुकरांत आणि बगळ्यांत, आणि डासामार्फत माणसापर्यंत येतो. सर्वांत जास्त धोका लहान मुलांना. आपल्या राज्यात विदर्भातल्या भंडारा, गडचिरोलीसारख्या भागांना त्याची ओळख आहे.

या विषाणूच्या कवचावर 'ई' नावाचं प्रोटीन असतं. अँटिबॉडी मुख्यतः तिथे चिकटतात. पण १९९९ मध्ये त्याची घडी कुणीच बघितलेली नव्हती. त्यासाठी प्रोटीनचे स्फटिक बनवावे लागतात, त्यांवर क्ष-किरण सोडावे लागतात, आणि स्फटिक बनतीलच याची खात्री नसते. एक नातेवाईक मात्र हाताशी होता. युरोपात गोचिडांमधून पसरणारा मेंदूज्वराचा एक विषाणू आहे, त्याच्या ई प्रोटीनची घडी १९९५ मध्ये क्ष-किरणांनी उलगडली होती.

आमच्या गावात शिंप्याकडे गेलं की तो विचारतो, "मापाला शर्ट आणलाय का?" धाकट्याचं माप घेतलेलं नसलं तरी थोरल्याचा शर्ट ठेवून तो कापड बेततो, खांदे-बाह्या थोड्या कमी-जास्त करतो. पुण्यातल्या या दोघांनी तेच केलं. गोचिडाच्या विषाणूचं प्रोटीन मापाला ठेवलं आणि जपानी मेंदूज्वराच्या प्रोटीनची अक्षरं त्यावर बसवून कॉम्प्युटरवर तिची घडी बेतली. मग त्या घडीवर एपिटोप शोधले. यात इअरफोनवाले ठिपके कामाला आले : ओळीत लांब, पण घडीत शेजारी असलेली अमिनो आम्लं मिळून एक एपिटोप होतो. अँटिबॉडी ज्या जागा ओळखतात त्यांतल्या बहुतेक अशाच तुकड्या-तुकड्यांच्या असतात. सात-सातच्या सरासरीला त्या दिसूच शकत नाहीत.

ई प्रोटीनची प्रत्यक्ष क्ष-किरण रचना जगाला मिळाली २०१२ मध्ये, म्हणजे तेरा वर्षांनी.

याच पद्धतीचं २००५ मध्ये 'सी.ई.पी.' नावाचं वेब-सर्व्हर झालं. प्रोटीनची त्रिमितीय रचना द्यायची, ते एपिटोपचा अंदाज सांगणार. घडीवरून एपिटोप सांगणारं अशा प्रकारचं ते पहिलंच सर्व्हर होतं. त्याच्या एक वर्ष आधी, २००४ मध्ये, विषाणूंच्या पूर्ण जनुकसंचांचा 'व्हर्जेन' हा डेटाबेसही याच गटाने जाहीर केला होता.

मोबाइलवर करून बघा

आता फोन काढा. ब्राउझरच्या मेनूत जाऊन 'डेस्कटॉप साइट' चालू करा, नाहीतर पुढची पानं अर्धवट दिसतील.

प्रोटीन डेटा बँक सर्च करा. ही बँक १९७१ पासून चालू आहे आणि सगळ्यांना फुकट आहे. तिथल्या सर्चमध्ये इंग्रजी कीबोर्डवर तीन, पी, पाच, चार असं सलग टाका. ही जपानी मेंदूज्वराच्या ई प्रोटीनची २०१२ मधली रचना. त्रिमितीय चित्राचा पर्याय निवडा आणि बोटाने फिरवा. लांबट, चपटं, तीन भागांचं दिसेल. त्याच पानावर फास्टा नावाने अक्षरांची ओळ मिळते, ती कॉपी करा.

नंतर इम्यून एपिटोप डेटाबेसची साइट उघडा. अमेरिकेतली ही साइटही फुकट आहे, लॉगिन लागत नाही. तिथे बी-सेल एपिटोपच्या अंदाजाचं साधन आहे आणि पद्धतींच्या यादीत कोळस्कर-टोणगावकर. ओळ पेस्ट करा आणि सबमिट दाबा. मी पहिल्यांदा फास्टाची वरची माहितीची ओळसुद्धा पेस्ट केली होती आणि एरर येत राहिला. ती ओळ काढून फक्त अक्षरं ठेवा. उत्तरात आलेख येईल, उंबरठ्याच्या रेषेवरचा भाग पिवळा.

इथे थांबू नका, खरी गंमत पुढे आहे. एखादं पिवळं शिखर कितव्या अमिनो आम्लाजवळ आहे ते बघा आणि पहिल्या टॅबमध्ये तीच जागा घडीत शोधा. काही शिखरं बाहेर सापडतील. काही आत दडलेली निघतील, जिथे अँटिबॉडीचा हात पोचणारच नाही. पद्धतीची ताकद आणि उणीव, दोन्ही एकाच स्क्रीनवर.

मग ७५ टक्क्यांचं काय?

हे सांगायलाच हवं. २००५ मध्ये ब्लाइथ आणि फ्लॉवर या दोघांनी अशा ४८४ आकडेवाऱ्या तपासल्या, म्हणजे अमिनो आम्लांना आकडे देऊन सरासरी काढायचे ४८४ प्रकार. निष्कर्ष कडवट होता : चांगल्यात चांगल्या आकडेवारीचा अंदाजही नाणं उडवून सांगितल्यापेक्षा जेमतेमच बरा. म्हणजे ओळीवरून एपिटोप सांगण्याचा सगळा मार्गच तोकडा पडतो.

तरी २०२० मध्ये कोरोनाच्या स्पाइक प्रोटीनवर जे असंख्य निबंध निघाले, त्यांतल्या कितीतरींत हीच १९९०ची पद्धत होती. का? सोपी आहे, फुकट आहे, मिनिटात आलेख देते. मला विचाराल तर पहिली चाळणी म्हणून ती ठीक. तिच्या एकटीच्या जोरावर कुणी 'लस सापडली' म्हणत असेल तर तो मेसेज पुढे ढकलू नका. स्वतः कोळस्कर त्या आलेखापाशी थांबले नाहीत, नऊ वर्षांनी घडीकडे गेले, हे मला त्यांच्या कामातलं सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं.

आज घडीचा अंदाज ए.आय. सांगतं. अल्फाफोल्डने २०२२ पर्यंत वीस कोटींहून जास्त प्रोटीनच्या रचना जाहीर केल्या आणि ते बनवणाऱ्या हसाबिस आणि जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. पण त्या मोठ्या यादीतून विषाणूंची प्रोटीनं वगळलेली होती. आणि घडी कळली तरी अँटिबॉडी कुठे बसणार हा प्रश्न उरतोच.

तात्यांना काय सांगितलं

गोट पॉक्स आणि लम्पी हे एकाच घराण्यातले, फार जवळचे विषाणू. त्यांच्या कवचावरची प्रोटीनं, म्हणजे अक्षरांच्या ओळी, इतक्या सारख्या की घड्याही सारख्याच पडतात. म्हणून शेळीच्या लशीने तयार झालेली अँटिबॉडी लम्पीच्या विषाणूलाही चिकटते. शरीरातल्या इतर पेशींचाही या संरक्षणात मोठा वाटा असतो. लम्पीची स्वतःची देशी लसही हिसार आणि इज्जतनगरच्या संस्थांनी ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर केली होती. गावात मात्र आली ती गोट पॉक्सचीच.

मी मोबाइल पुढे धरून, प्रोटीन फिरवून फिरवून हे तात्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, थोडा वेळ बघितलं.

"म्हंजी थोरल्याच्या मापाचा सदरा धाकट्याला बसतो, तसं."

"हां तात्या, तसंच."

"मग हे टाक की ग्रुपवर."

टाकलं. व्हिडिओ नव्हता, म्हणून आमच्या ग्रुपवर फक्त चौघांनी उघडून बघितलं.